बाईंचा तास : 'मंग हे माकडं माकडंच काहून रायले?'

(यवतमाळ जिल्ह्यात माध्यमिक शाळेवर विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बाई या पानावर शिक्षक-पालकांच्या पत्रांना उत्तरं देतात. दहावीतला उत्क्रांतीचा भाग वर्गात कसा बोलावा, याबद्दल आलेली काही पत्रं या महिन्यात घेतली आहेत.)

प्रश्न : बाई, मी वाशीम जिल्ह्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. मानवी उत्क्रांतीचा भाग आला की वर्गात हशा पिकतो. कुणाला तरी 'हा पाहा, हा अजून तिथंच हाये' म्हणून चिडवतात आणि ते पोर मान खाली घालून बसतं. मग ठरलेला प्रश्न येतो, "माणूस माकडापासून झाला, तं मंग हे माकडं माकडंच काहून रायले?" मी उत्तर देते, पण तोवर वर्ग हातातून गेलेला असतो.

उत्तर : प्रश्न विचारणाऱ्याला आधी शाबासकी द्या. आपण भिंतीवर जो तक्ता टांगतो तो पाहून दुसरा कोणता प्रश्न पडणार? डावीकडे वाकलेलं माकड, मग जरा कमी वाकलेलं, मग भाला घेतलेला केसाळ गडी, आणि शेवटी ताठ मानेने निघालेला पुरुष. (बाई त्या रांगेत नसते. का नसते, ते एकदा पोरींना विचारून बघा.) या तक्त्याचं मूळ चित्र रुडॉल्फ झॅलिंगर या चित्रकाराने १९६५ मध्ये अमेरिकेतल्या एका पुस्तकासाठी काढलं आणि त्याच्या नकला जगभर पोचल्या. सगळ्यांना एका रांगेत उभं केलं की पुढचा मागच्यापासून झाला असंच पोरांना वाटतं. मग मागचे अजून देवळावर उड्या कसे मारतात, ही शंका रास्तच आहे.

तो तक्ता गुंडाळून ठेवा आणि फळ्यावर भावकी काढा. वर एक पणजोबा, खाली फुटत गेलेली घरं. 'तुझ्या चुलत्याचं घर अजून गावात आहे, मग तू कुठून आलास?' असं विचारलं की वर्ग आपणच उत्तर देतो. मग आकडे घाला. आपल्या गावातलं काळतोंडं वानर आणि आपण यांचे सामाईक पूर्वज अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वीचे. ते आजच्या वानरासारखे नव्हते आणि आपल्यासारखेही नव्हते. चिंपांझी आपल्याला जास्त जवळचा, तिथली वाटणी साधारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीची. तेवढीच वर्षं चिंपांझीकडेही गेली आहेत आणि तोही त्यात बदलला आहे.

वर्ग रंगला तर गुणसूत्रांवर या, नाहीतरी त्याच धड्यात आनुवंशिकता झालेली असते. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांची गुणसूत्रं ४८, आपली ४६. एक जोडी गेली कुठे? 'हरवली' म्हणतील, 'गळून पडली' म्हणतील. आपलं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र हे त्यांच्याकडच्या दोन वेगळ्या गुणसूत्रांची टोकं जुळून झालेलं आहे. एरवी फक्त गुणसूत्राच्या टोकाला असणारा डीएनएचा नमुना आपल्या या गुणसूत्राच्या आत, सांध्याच्या जागी सापडतो. पोरं यावर गप्प होतात. मला तर शिकवताना दर वर्षी पुन्हा नवल वाटायचं.

आता चिडवण्याचं. स्पष्टच लिहिते, राग मानू नका. वर्गातला पहिला माकडाचा विनोद बहुतेक वेळा खुर्चीवरून होतो. 'तुम्ही तर अजून उत्क्रांत व्हायचे आहात' असं आपणच म्हणतो आणि पोरं तेच वाक्य बाकावर फिरवतात. ते आधी बंद करा. दुसरं, माणूस सगळ्यात शेवटी शिकवा. आणि तिसरं, हसायचंच असेल तर सगळ्यांनी एकदम हसावं असं काहीतरी द्या. अंगठा आणि करंगळीची टोकं जुळवायला सांगा आणि मनगट थोडं आत वळवायला सांगा. काहींच्या मनगटाच्या मधोमध एक दोरी ताठ उभी राहते. काहींच्या राहत नाही. काहींच्या एकाच हाताला दिसते. तो एका स्नायूचा कंडरा आहे. नसला तरी काही अडत नाही, इतकं की शस्त्रक्रियेत सर्जन तो काढून दुसरीकडे वापरतात. सगळा वर्ग एकमेकांचे हात ओढून बघत बसतो. कुणाकडे आहे, कुणाकडे नाही, आणि यात कुणी वरचा-खालचा नाही. एकाच जातीतल्या जिवांत असे फरक असतात, धड्याची सुरुवात तिथूनच होते.

प्रश्न : 'लॅमार्क चूक, डार्विन बरोबर' हे आमच्या मुलांना तोंडपाठ आहे. पण जिराफाची मान लांब कशी झाली ते आपल्या शब्दांत लिहा म्हटलं की 'पाला उंच होता म्हणून जिराफाने मान ताणली आणि ती लांब झाली' हेच सगळ्यांच्या वहीत. मी काय वेगळं बोलू? (एक शिक्षक, अकोला जिल्हा)

उत्तर : सर, जिराफ सोडा. अकोल्यात कुणाच्या धुऱ्यावर जिराफ चरतो? पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत चला.

२००२ मध्ये आपल्याकडे बीटी कापसाला परवानगी मिळाली. जमिनीत राहणाऱ्या एका जिवाणूचं जनुक कपाशीत घातलं होतं, त्यामुळे बोंडअळीला मारणारं प्रथिन झाड स्वतःच तयार करायचं. २००६ मध्ये दोन जनुकांचं बियाणं आलं. सुरुवातीची वर्षं अळी दिसेनाशी झाली. मग गुजरातमध्ये गुलाबी बोंडअळी एका जनुकाच्या वाणावर जगते आहे, असं २०१० मध्ये जाहीर झालं. आणि २०१७ च्या हंगामात आपल्या विदर्भात दोन जनुकांच्या कपाशीची बोंडंही आतून पोखरून निघाली. कवडी कापसाचे, म्हणजे किडक्या, न फुललेल्या बोंडांतल्या कापसाचे ढीग लागले, लोकांनी उभ्या पिकात नांगर घातला. तुमच्या वर्गातल्या किती तरी घरांत त्या वर्षाचा विषय अजून निघत असेल.

वर्गात एवढंच विचारा : 'आधी मरणारी अळी आता का मरत नाही?' आणि थांबा. खरंच थांबा. अमेरिकेत मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून मोजलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात आणि पुढे बोलू लागतात. तीन सेकंद थांबलं की मुलांची उत्तरं लांब होतात, न बोलणारीही बोलतात आणि मुलं उलट प्रश्न विचारू लागतात. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत, पण चाळीस डोळे आपल्याकडे बघत असताना ते फार लांबतात. मी त्या वेळात डस्टर झटकायची.

उत्तरं येतील. 'बियाणं बोगस होतं.' 'औषधात पाणी होतं.' 'अळीला सवय झाली.' 'ते इख तिच्या अंगवळणी पडलं.' सगळी फळ्यावर लिहा, जशीच्या तशी, चूक-बरोबर न म्हणता. पहिली दोन तर हसण्यावारी नेण्यासारखी मुळीच नाहीत, बोगस बियाणं काय असतं ते त्या पोरांना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. मग 'अंगवळणी पडलं' ते धरून बसा.

कुणाच्या अंगवळणी?

'अळीच्या.'

कोणत्या अळीच्या? जिने बोंड खाल्लं तिचं काय झालं?

'मेली.'

मेलेलीला सवय लागते?

इथे वर्गात जी शांतता होते ती मोडू नका. कुणीतरी मागच्या बाकावरून म्हणेल, 'जे मेले नाही त्यायचेच पिल्लं झाले असतीन.' झालं! तुमचा जिराफ त्या एका वाक्यात सुटला. लाखो अळ्यांमध्ये काही थोड्या अशा होत्या की ज्यांच्यावर ते प्रथिन चालत नव्हतं, आणि त्या बीटी येण्याआधीपासून तशा होत्या. बाकीच्या मेल्या, या उरल्या, यांचीच पिल्लं झाली. एकाही अळीने आपल्या हयातीत स्वतःला बदललं नाही. बदलला तो सगळ्या अळ्यांचा मिळून गोतावळा, पिढ्यांमागून पिढ्या. हीच नैसर्गिक निवड.

आता याच धाग्याने मेंडेलकडे, म्हणजे आनुवंशिकतेच्या नियमांकडे परत जाता येतं. बियाण्याच्या पिशवीबरोबर १२० ग्रॅमची साध्या, बिगर-बीटी सरकीची पुडी यायची, आठवते? शेताच्या कडेने लावायची म्हणून. बहुतेकांनी ती लावलीच नाही. 'अळीसाठी पीक कोण लावते?' असं मला एका पालकाने विचारलं होतं आणि त्याचा प्रश्न त्याच्या जागी बरोबर होता, कारण त्याला पुडीचं कारण कुणी सांगितलंच नव्हतं. कारण असं : अळीचा हा प्रतिकार बहुतांशी अप्रभावी जनुकाचा असतो. आई-बाप दोघांकडून मिळालं तरच अळी बीटीवर तगते. कडेच्या साध्या कपाशीवर साध्या अळ्या वाढल्या, त्यांचे पतंग झाले आणि प्रतिकार असलेल्या मोजक्या पतंगांशी त्यांची जोडी जमली, तर पिल्लांना ते जनुक एकाच बाजूने मिळतं आणि ती बीटीवर मरतात. फळ्यावर पनेटचा चौकोन (आई-बापाची जनुकं मांडून पिल्लांना काय मिळेल ते काढायचा तक्ता) काढून हे दाखवा, मुलं स्वतः सोडवतात. अमेरिकेतल्या ॲरिझोनात शेतकऱ्यांनी ही कडेची कपाशी नेमाने लावली आणि तिथे बीटी टिकलं. पुढे वंध्य केलेले पतंग सोडण्याची जोड दिली आणि २०१८ मध्ये तिथल्या सरकारने अमेरिकेच्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे त्यात फरदडीची भर. पाणी आहे म्हणून पऱ्हाटी फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी ठेवली की अळीला आयतं खाणं आणि वर जास्तीच्या पिढ्या.

एक सांभाळा. २०१७ च्या त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. तुमच्या वर्गात अशा घरातलं लेकरू असू शकतं. 'शेतकऱ्यांचं चुकलं' या सुरात हा धडा कधीही बोलू नका.

कपाशी नसलेल्या भागातल्या शिक्षकांसाठी : मूठभर मूग, तेवढीच मटकी, मोजून घ्या, शाळेच्या मुरमाच्या पटांगणात पसरा. चार मुलं पाखरं. चिमटीने एकेक दाणा उचलायचा, शिट्टी वाजली की थांबायचं. जे दाणे उरले त्या प्रत्येकाला त्याच रंगाचं एक पिल्लू द्या आणि पुन्हा खेळा. मुरमावर मूग लवकर वेचले जातात, मटकी वाढत जाते. मग तोच खेळ हिरवळीवर न्या. पाखरांचा आरडाओरडा होईल, मुख्याध्यापक डोकावतील, डोकावू दे. शेवटी विचारा, एका तरी दाण्याने रंग बदलला का?

लॅमार्कला मात्र वर्गात मूर्ख ठरवू नका, १८०९ मध्ये सजीव बदलतात हे छातीठोकपणे सांगणारा माणूस होता तो. आयुष्यात कमावलेला बदल पिल्लांत उतरतो असं तो म्हणायचा, त्याचं कुठे अडलं ते मुलींच्या कानांवरून दाखवा. किती पिढ्या कान टोचतोय आपण, अजून एक तरी मुलगी टोचलेल्या कानांची जन्मली का?

आणि पेपर तपासताना माझा एक नियम होता. उत्क्रांतीच्या उत्तरात कोण मेलं आणि पिल्लं कुणाची झाली, हे दोन्ही यायलाच पाहिजे. नाही आलं तर कितीही सुवाच्य अक्षर असो, पूर्ण गुण नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी नागपुरात दहावीला आहे. तिच्या सरांनी वर्गात सांगितलं की दशावतार म्हणजेच उत्क्रांती, मत्स्य, कूर्म, वराह असा तो क्रम आपल्याकडे आधीच होता. सासऱ्यांना फार आनंद झाला. तर मुलीने जेवताना विचारलं, "मग नरसिंहाचा जीवाश्म कुठे सापडला?" घरात दोन दिवस अबोला आहे. मी कुणाची बाजू घेऊ?

उत्तर : मुलीचा प्रश्न विज्ञानाच्या तासाचा होता, तो जेवणाच्या ताटावर आला एवढंच झालं. तिने तो सरांनाच विचारायला हवा होता. सरांनी मुलांना माहीत असलेल्या गोष्टीवरून अनोळखी गोष्टीकडे न्यायचा प्रयत्न केला, हेतू चांगलाच असणार. पण हा पूल पलीकडे पोचत नाही. दशावतारात एकामागून एक अवतार येतात आणि प्रत्येक जण ठरलेल्या कार्यासाठी येतो. उत्क्रांतीत आधी ठरलेलं कार्यच नसतं. मासे, कासवं, रानडुकरं आजही एकाच वेळी जगतात, आणि कासव किंवा डुक्कर आपला पूर्वजही नाही. म्हणजे वर ज्या रांगेच्या तक्त्याबद्दल मी कुरकुरले, त्याच तक्त्याची ही देशी आवृत्ती. शिवाय अवतारकथेचंही त्यात नुकसान होतं. नरसिंह खांबातून का आला, उंबरठ्यावर का बसला, ना दिवस ना रात्र अशी वेळ का निवडली, ही त्या गोष्टीची खरी गंमत. तिला सस्तन प्राण्यांच्या रकान्यात बसवलं की सगळं निसटतं.

सासऱ्यांना सांगा, नातीला ती गोष्ट पहिल्यापासून सांगा. ती ऐकेल. पोरांना दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवता येतात, आपणच त्यांची कुस्ती लावतो. थिओडोसियस डोब्झान्स्की हे विसाव्या शतकातले मोठे जनुकशास्त्रज्ञ. उत्क्रांतीच्या प्रकाशाशिवाय जीवशास्त्रातलं काहीच उलगडत नाही, असं त्यांनी १९७३ मध्ये लिहिलं. स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होते. मात्र सरांनी पुढे 'परीक्षेपुरतं लिहा, मानायचं काही कारण नाही' असंही म्हटलं असेल, तर तुम्ही शाळेत जाऊन नम्रपणे बोला. ते वाक्य मला दशावतारापेक्षा जास्त खटकतं.

प्रश्न : मुलगा पुण्यात सीबीएसई शाळेत आहे. त्याच्या दहावीच्या पुस्तकात उत्क्रांती नाहीच. असं कसं? (एक पालक)

उत्तर : हो, नाही. करोनाकाळात अभ्यासाचं ओझं कमी करायचं म्हणून ही पुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीने काही भाग वगळले आणि २०२३ च्या छापील पुस्तकात 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या धड्यातली उत्क्रांती गेली, नुसती आनुवंशिकता राहिली. १,८०० हून अधिक वैज्ञानिक-शिक्षकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. बारावीच्या जीवशास्त्रात ती आहे, पण वाणिज्य किंवा कला शाखेला जाणारं मूल तिथपर्यंत पोचत नाही. त्यामुळे त्याच्या आयुष्यात हा विषय येण्याची शाळेतली शेवटची संधी दहावी होती. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग दोनमध्ये तो पहिलाच धडा आहे. बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तक फुकट मिळतं, मराठीत आणि इंग्रजीतही. उतरवून घ्या आणि रविवारी दोघांनी मिळून वाचा.

प्रश्न : गडचिरोलीतल्या आश्रमशाळेत मी शिकवतो. दोन अडचणी. आदिमानवाचं चित्र आलं की बाहेरून आलेली काही मुलं आमच्या माडिया आदिवासी मुलांकडे बघून हसतात. आणि नैसर्गिक निवडीसाठी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं उदाहरण द्यावं असं फार वाटतं, पण वर्गातच वाहक मुलं असणार, म्हणून जीभ अडखळते.

उत्तर : जीभ अडखळते हे चांगलं लक्षण आहे, सर.

पहिल्या अडचणीवर सौम्य बोलून चालणार नाही. हसणाऱ्यांना तिथल्या तिथे, आवाज न चढवता सांगा की आज जगात असलेली सगळी माणसं एकाच जातीची, होमो सेपियन्स. या जातीचे सगळ्यात जुने ज्ञात अवशेष सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे, आफ्रिकेतल्या मोरोक्को देशात सापडलेले. तिथून आजवरचा काळ माडिया मुलाच्या मागेही तेवढाच आणि मुंबईच्या मुलाच्या मागेही तेवढाच आहे. कुणी मागच्या पायरीवर उभा नाही, कारण पायऱ्याच नाहीत. धनुष्यबाण हातात असणं म्हणजे जुनं शरीर असणं नव्हे. आपल्या पुस्तकी मराठीत 'प्रगत', 'मागास', 'आदिम' हे शब्द इतके सहज येतात की निदान या धड्यापुरते ते जिभेवरून उतरवून ठेवावेत.

सिकलसेल जरूर शिकवा. गडचिरोलीइतकं चपखल ठिकाण नाही, कारण तुमच्याकडे मलेरिया आहे. एका बाजूने सिकलसेलचं, म्हणजे एस जनुक मिळालेल्या, म्हणजे एएस व्यक्तीला गंभीर मलेरियापासून बरंचसं संरक्षण मिळतं, असं अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासावरून १९५४ मध्ये दाखवलं. दोन्हीकडून मिळालं, एसएस झालं, तर आजार, असह्य वेदना. म्हणून मलेरियाच्या मुलखात हे जनुक पिढ्यानपिढ्या टिकून राहिलं. मलेरिया नसलेल्या गावी त्याच जनुकाचा काही फायदा नाही. 'बळी तो कान पिळी म्हणजेच नैसर्गिक निवड' असं आपले बरेच शिक्षक सांगतात. त्यांना हे उदाहरण ऐकवा. इथे बळी कोण आणि कान कुणाचा?

बोलायचं कसं, ते महत्त्वाचं. वर्गात 'कुणाकुणाची तपासणी झाली, हात वर करा' असं चुकूनही विचारू नका. फळ्यावर एक नाव नसलेलं गाव काढा, त्यात आठ-दहा घरं, आणि सगळं त्या गावात घडू द्या. 'रक्त खराब', 'दोष' हे शब्द नकोत. वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे वाक्य एकदा सांगून भागत नाही, तासात तीनदा तरी आलं पाहिजे. दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक, हे गणित मुलं करतील. करू द्या, पण लग्नाच्या चर्चेकडे जाऊ लागलं तर आवरा. असल्या चर्चेचा भार मुलीवरच येऊन पडतो, हे मी पाहिलेलं आहे. तास संपल्यावर कुणी व्हरांड्यात येऊन हळूच विचारेलच. त्याला किंवा तिला एकटीला वेळ द्या, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताची पहिली तपासणी (सोल्युबिलिटी) होते आणि गरज पडली तर पुढची पक्की तपासणी करतात, तेवढं सांगून सोबत जायची तयारी ठेवा.

प्रश्न : मी वरोऱ्याजवळच्या शाळेत नवीनच लागलो आहे. एका मुलाने मोबाइलवर आलेली जुनी बातमी दाखवली, मंत्र्यानेच म्हटलंय की माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेला नाही. "सर, तुमी पाह्यलं का?" म्हणाला. सगळे हसले. मला काही सुचलं नाही.

उत्तर : बातमी खरी आहे. तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह २०१८ च्या जानेवारीत औरंगाबादेत तसं बोलले होते, आणि देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र पत्रक काढून त्यांचं म्हणणं खोडलं होतं. पण मुलाला अकादमीची सही दाखवून गप्प करू नका. 'नाही पाहिलं' म्हणा, आणि मग विचारा, 'न पाहिलेलं कळतं कसं?'

आणि तुम्ही वरोऱ्याजवळ आहात! तुमच्याच तालुक्यात पिसदुरा आहे. तिथल्या रानात डायनोसॉरची हाडं सापडली आहेत आणि दगड झालेलं त्यांचं शेणही. मुलांना आधी हे सांगा, मग पाच मिनिटं काही सांगू नका, कारण कुणी ऐकणार नाही. हसून झालं की पुढचं : लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या दगडी शेणाचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा त्यांत गवताच्या पानांत असतात तसे सिलिकाचे बारीक कण मिळाले. २००५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. तोवर सर्वसाधारण समज असा की डायनोसॉर होते तेव्हा गवत जवळपास नव्हतंच, ते नंतर पसरलं. साडेसहा कोटी वर्षांहून जुन्या शेणाने ती समजूत बदलायला लावली. त्या जनावराला चरताना कुणीही पाहिलेलं नाही. तरी त्याने काय खाल्लं ते आपल्याला माहीत आहे, आणि आधी काढलेला अंदाज पुराव्यापुढे मागेही घेतला गेला. मुलाला विचारा, हे पाहण्यापेक्षा कमी आहे का? उत्तर 'हो' आलं तरी चालेल, फक्त कारण विचारा. मग बोंडअळीवर या. ती तर त्याच्या बापाने पाहिली आहे.

सहल काढणार असाल तर शेतमालकांना आधी विचारून, आणि पेरणीचे दिवस सोडून. दगड खिशात घालू द्यायचे नाहीत. जिथे दिसेल तिथेच, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढायचा आणि जागा वहीत टिपायची. काही वेगळं वाटलं तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला कळवा. पत्र मुलांनाच लिहू द्या, त्यांच्याच मराठीत.